बांधाच्या पोटात

नळाखाली धरलेल्या ग्लासात पाणी गढूळ आलं आणि शुभांगीचा हात तिथेच थांबला. सोसायटीची टाकी काल धुतली होती, लिफ्टजवळच्या फळ्यावर तसं लिहिलेलं होतं आणि ते तिने वाचलंही होतं. तरी तिने पाणी ओतून दिलं नाही. ग्लास ओट्यावर ठेवला, दुधाची पिशवी बाजूला सारली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. वरचं पाणी निवळत होतं, तळाशी राखाडी थर जमत होता.  गॅसवरचा चहा उतू गेला तेही तिला कळलं नाही. धनराजने आतून येऊन गॅस बंद केला, ओटा पुसायला फडकं घेतलं आणि मग त्याचं लक्ष ग्लासाकडे गेलं.

"अगं, टाकी धुतलीय काल. जरा वेळ नळ सोडून ठेव, चांगलं येईल."

"माहितीये मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. पिंपळगावच्या पॅकहाऊसवर कंटेनर भरायचा होता, त्याचा फोन पहाटेपासून वाजत होता. तरी तो खुर्ची ओढून बसला.

"आज कापणार आहेत का तो बांध?"

"हो. मीच सांगितलंय, त्या जागेला मी आल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून."

"दुसरं कुणी नाही का बघू शकत?"

"बघू शकेल की. पण मला बघायचंय."

"आणि आत काही निघालंच नाही तर?"

 हा प्रश्न तिने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो परका वाटला. धनराज उठला, मोजे शोधू लागला. दाराशी बूट घालता घालता, मान वर न करता त्याने विचारलं, "आणि निघालं तर? मग काय होणार आहे, शुभा?" हे मात्र तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. ती ओट्याला टेकून उभीच राहिली.

गंगापूर रोडवर गाडी काढली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इमारती उठत होत्या. हिरव्या जाळ्या, माथ्यावर क्रेन, फाटकावर बागेचं चित्र. या भिंतींमधली वाळू कुठून येते हे तिला ठाऊक होतं. नदीतली वाळू उपसायला बंदी आली तशी दगड दळून वाळू व्हायला लागली. दळलेली वाळू धुवावी लागते, आणि धुतल्यावर दगडाचं पीठ पाण्याबरोबर निघून जातं. क्रशरवरचे लोक त्याला स्लरी म्हणतात. ती कुणालाच नको असते. गिरणाऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पोटातल्या एका खाणीवर वर्षानुवर्षं ती एका घळीत सोडत आले होते. घळीच्या तोंडावर मातीचा बांध. तळं भरत आलं की बांध उंच करायचा, हाताशी येईल त्या मातीने, मुरुमाने, कधी नुसत्या क्रशरच्या कचने, बारीक दगडचुऱ्याने. त्या बांधाच्या खाली, ओहोळाच्या काठाने, खैरपाडा. नाशिकच्या ज्या कंपनीत शुभांगी काम करत होती तिच्याकडे हे तळं निस्तरायचं काम आलं तेव्हा सगळा आराखडा तिनेच केला होता. ओला गाळ साठवायचाच नाही. यंत्रात दाबून पाणी काढायचं, ते परत वाळू धुवायला वापरायचं, कोरड्या वड्या पायऱ्यापायऱ्यांनी रचायच्या, वर मातीचा थर द्यायचा, गवत लावायचं. तळं रिकामं झालं की बांधाची गरजच उरणार नाही. ते चित्र तिला मनापासून आवडलं होतं. उतारावर वाऱ्याने हलणारं गवत आणि खाली घरं, आणि त्या घरांच्या डोक्यावर काहीच नाही. पण यंत्र यायच्या आधी ऑगस्ट आला.

त्या दिवशी पाऊस काही फार वेगळा नव्हता. चार दिवस लागून राहिलेला, त्या भागात नेहमी असतो तसा. ती दुपारी बांधाच्या पायथ्याशी उतरली होती. तिथे एका जागी पाणी झिरपायचं, ते काही नवीन नव्हतं. मातीच्या बांधातून पाणी झिरपतंच. ते निवळ असतं तोवर बांध शांत आहे असं धरतात. त्या दुपारी ते गढूळ होतं. तिने ओंजळीत घेतलं, डब्यात घेतलं, पुन्हा घेतलं. पाणी गढूळ येतं म्हणजे ते बांधाची माती सोबत घेऊन येत असतं, आत कुठेतरी बीळ पडत असतं, आणि ते बीळ तळ्यापर्यंत पोचलं की पुढचं सगळं काही मिनिटांत होतं. हे तिने पुस्तकात वाचलं होतं, फोटोत पाहिलं होतं, शिकाऊ मुलांना शिकवलं होतं. बांधावर पाण्याची पातळी मोजायला पुरलेल्या नळ्यांमध्येही पाणी चढलेलं होतं. तिने फोन लावले. तासाभरात पाडा रिकामा करायला सुरुवात झाली. लोक शिव्या देत, शेळ्या ओढत, पोरांना खांद्यावर घेत वरच्या आश्रमशाळेकडे निघाले. ओहोळाला गुडघाभर पाणी होतं.

गिरणारे मागे पडलं. टोमॅटोची शेतं संपून रस्ता चढाला लागला. तिने गाडीची काच खाली केली, आणि आत आलेल्या कोरड्या हवेतही तिला आश्रमशाळेच्या त्या व्हरांड्याचा वास आला. ओल्या घोंगड्या, ओल्या शेळ्या, चुलीचा धूर. खैरपाड्यातल्या नाथाने आईला, बायडाबाईला, पाठुंगळी आणलं होतं. बायडाबाई यायला तयार नव्हती, घराच्या खांबाला धरून बसली होती, असं कुणीतरी सांगत होतं. नाथाने तिची बोटं एकेक करून सोडवली होती. व्हरांड्यात त्याने तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि पोरांना आणायला तो परत पळाला. शुभांगीने आपली ओढणी म्हातारीच्या अंगावर टाकली होती. ओढणीही ओलीच होती. म्हातारी थरथरत होती, पण डोळे जागे होते. तिने शुभांगीचा हात धरला आणि विचारलं, "फुटला का गं?"

"नाही आजी, अजून नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "फुटला का?"

"नाही."

आणि तेव्हाच शुभांगीच्या मनात ती गोष्ट येऊन गेली. फुटू दे. घरं रिकामी आहेत, माणसं वर आहेत, आता फुटू दे. व्हरांड्यातल्या त्या सगळ्या नजरा तिच्यावर होत्या, भिजलेल्या, चिडलेल्या, आणि तिला त्या धाडधाड आवाजाची इतकी आस लागली होती की ती कान देऊन उभी होती. खालून फक्त पावसाचा आवाज येत होता. किती वेळ ती तशी उभी राहिली कोण जाणे. वळून पाहिलं तेव्हा बायडाबाई मान एका बाजूला टाकून बसली होती. झोपली असेल असं शुभांगीला वाटलं. मंजुळेने, नाथाच्या बायकोने, चहा आणला आणि सासूला हलवलं, तेव्हा कळलं.

बांध फुटला नाही. पंप लावले, बाजूने चर खोदून पाणी काढून दिलं, तळ्याची पातळी उतरली. पायथ्याचं पाणी निवळलं आणि मग थांबलं. पाणी काढलं म्हणून बांध वाचला, की तो मुळात जाणारच नव्हता, हे कुणालाच सांगता येईना. बैठकीत तिच्या निर्णयाला कुणी चूक म्हणालं नाही. खाणीचा मालक तर फारच मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही काळजी घेतली ते चांगलंच केलंत. पण म्हातारी गेली ना." त्याने आवाज चढवला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. तिच्याकडे उत्तरं होती. धोका दिसला की आधी माणसं हलवायची, मग तपास करायचा. दहादा उगीच हलवली तरी चालेल. हे खरंच होतं, आजही खरं होतं. पण रात्री अंथरुणावर पडलं की ती वाक्यं तिच्या बाजूने उभी राहत नसत. तिथे फक्त तो व्हरांडा असे आणि तिची ती आस. महिनोन्‌महिने ती मनातल्या मनात त्या बांधात शिरत राहिली. पायथ्याच्या त्या जागेतून आत, अंधारात, हाताने चाचपत. कधी तिला बीळ सापडे, कधी सापडत नसे. सापडलं त्या रात्री तिला झोप लागे.

खाणीवर पोचली तेव्हा तळं ओळखू येत नव्हतं. जवळजवळ रिकामं झालं होतं. उरलेला गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पलीकडच्या उतारावर कोरड्या वड्यांच्या पायऱ्या उभ्या होत्या आणि सगळ्यात खालच्या पायरीवर गवत धरलं होतं, विरळ, पिवळसर. तिथे एक माणूस वाकून पाइपाने पाणी देत होता. तो नाथा होता. बांध उतरवायचं काम सुरू झाल्यापासून खैरपाड्यातल्या काही जणांना इथे रोजगार मिळाला होता. शुभांगी याआधी दोन-तीनदा येऊन गेली होती, पण दर वेळी तो दुसरीकडे असे, किंवा ती दुसरीकडे जाई. आज तो पाइप टाकून सरळ बांधाकडे आला आणि थोडं अंतर राखून उभा राहिला. 

पोकलेनवाला उमर केबिनमधून उतरला. मालेगावचा, मध्यमवयीन, गळ्यात रुमाल. "मॅडम, सकाळपासून मशीन उभी हे. बाकीचा बांध काढला, ही जागा तेवढी ठेवली. तुम्ही बोलल्या होत्या ना."

"हो. सावकाश घे. एकदम ओढू नको. एक थर, मग थांब."

"सावकाशच घेतो."

बकेट बांधात शिरली. माती सुटायचा आवाज जड आणि ओलसर होता. पहिला थर निघाला तशी बांधाची चिरलेली बाजू समोर आली, आणि तिच्यात सगळी वर्षं एकावर एक दिसू लागली. तळाशी काळी माती, त्यावर लाल मुरूम, मग राखाडी कच, मध्येच एक सडलेलं पोतं, एका चपलेचा रबरी तळवा. शुभांगी खाली उतरली. हाताने, मग नाथाने न बोलता पुढे केलेल्या खुरप्याने, ती भिंत खरवडत गेली. माती घट्ट होती. उमर थांबे, ती बघे, बाजूला होई, पुन्हा बकेट शिरे. ती ज्या अंधारात इतके महिने चाचपडत होती तो आता उन्हात उघडा पडत होता आणि त्यात काहीच नव्हतं. एका ठिकाणी तिला मऊ लागलं.  तिने गुडघे टेकले आणि बोटांनी उकरलं. बाहेरच्या उताराच्या कातडीखाली सुट्या मुरुमाचा एक पातळ पट्टा होता, वरून सुरू होऊन पायथ्याशी संपणारा. बस, तेवढंच. तिला लगेच समजलं. उतारावर पडलेला पाऊस या पट्ट्यात शिरला होता, वरची माती धुवत खाली आला होता आणि पायथ्याशी गढूळ होऊन बाहेर पडला होता. तळ्याचा आणि त्याचा संबंधच नव्हता. बांधाच्या पोटातून काहीच वाहत नव्हतं. नळ्यांमधलं पाणीही मग पावसाचंच असणार.

"मॅडम, इथं तर काही दिसत नाही," उमर वरून म्हणाला. "अजून आत घेऊ?"

"घे."

त्याने घेतलं. ती मनात पळवाटा शोधत होती. बीळ पडलं असेल आणि नंतर बुजलं असेल. पण बुजलेली माती वेगळी दिसते, सैल असते, रंग बदलतो. हे तिला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त कळत होतं. बकेट तळ्याच्या बाजूला पोचली, वाळलेला राखाडी गाळ दिसू लागला. संपलं. उमरने मशीन बंद केली आणि एकाएकी डोंगरभर शांतता झाली. तिने खुरपं जमिनीवर ठेवलं. हात मातीने भरले होते आणि ते कुठे पुसावेत हे तिला सुचेना. धनराजचे सकाळचे दोन्ही प्रश्न आठवले. पण आत काही निघालंच नाही तर, हा पहिलाच समोर उभा होता, दुसऱ्यापर्यंत जायची वेळच आली नव्हती.

नाथा जवळ आला. कापलेल्या भिंतीकडे त्याने एकदा पाहिलं.

"काय निघालं मॅडम?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. हा मुरुमाचा पट्टाच दाखवता आला असता. त्याला काय कळणार होतं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काही नाही, नाथाभाऊ. बांध चांगला होता. ते पाणी वरच्या पावसाचं होतं."

"आतून नव्हतं?"

"नव्हतं."

"म्हंजी फुटला नसता."

"नसता फुटला."

तिने मनाशी जुळवून ठेवलेली वाक्यं होती. त्या वेळी कुणालाही तसंच वाटलं असतं, पुन्हा तसं दिसलं तर मी पुन्हा तेच करीन. ती तोंडापर्यंत आली आणि तिथेच राहिली. नाथा रागावेल, ओरडेल, निदान पाठ फिरवून जाईल असं तिला वाटत होतं. तो तसाच उभा होता, डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगाळत.

"मला वाटलंच हुतं," तो हळू म्हणाला. "मी त्या पाण्याला लय बघायचो. दुसऱ्या दिशी बी बघितलं. त्याला गाळाचा वास नव्हता." मग जरा थांबून, "मॅडम, एक सांगायचं हुतं. मी काल सांजच्यालाच पाड्यावर सांगून टाकलंय."

"काय?"

"भोक सापडलं म्हणून. बांध आतून पार पोखरला हुता, आजउद्या जाणारच हुता, असं. समद्यांना सांगितलंय. बायकोला बी."

शुभांगीला आधी नीट उमगलंच नाही. "अहो, पण काल तर इथे कुणी हातही लावला नव्हता."

"म्हणून तर काल सांगितलं. आज बघितल्यावर तोंडातनं निघालं नसतं." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. आवाज कापत नव्हता. खूप दिवस जवळ बाळगलेली गोष्ट खाली ठेवावी तसा तो बोलत होता. "तिनं खांब सोडला नव्हता, मॅडम. मी तिची बोटं सोडवली. पाठीवर घेतली तर मला मारत हुती, म्हणत हुती, ठिव रं मला हितंच. मी नाय ठिवली. आता तुमी सांगताय काहीच नव्हतं. ते मला चालंल. मी बघीन माझं. पर घरात रोज कुणीतरी तेच इचारतं, शेजारी इचारतात, पोरं इचारतात. बायडाआजी कशापायी गेली. त्यांना एक काहीतरी पायजे. तुमी कुणाला सांगू नका. तुमच्या हाफिसात काय लिवायचं ते लिवा. पाड्यावर नको."

ती काही बोलणार तेवढ्यात त्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. पायवाटेने मंजुळा येत होती, डोक्यावर टोपली, एका हाताने पदर सावरत. नाथाचा चेहरा क्षणात बदलला. त्या व्हरांड्यात चहा घेऊन आलेली तीच बाई, पण आज तिच्या चालण्यात घाई होती आणि तोंडावर हसू होतं. टोपली उतरवून तिने आधी भाकरी काढून नाथाच्या हातात दिल्या, मग शुभांगीच्या समोर येऊन ती वाकली. शुभांगीने तिला मध्येच धरलं. मातीने भरलेल्या हातांचे ठसे मंजुळेच्या दंडावर उमटले.

"अहो, काय करताय."

"करू द्या. तवा मी तुमास्नी लय वाईट बोलले हुते. शाळेत. समद्यांदेखत." मंजुळेचे डोळे भरले. "आता कळलं. ह्यांनी सांगितलं काल. माझी दोन्ही लेकरं त्या दिशी खालच्या घरात झोपली असती. तुमी नसत्या तर काय राहिलं असतं हो आमचं? सासू गेली, पर जाऊन समद्यांना वाचवून गेली. असंच म्हनत्यात आता पाड्यावर."

 ते आभार शुभांगीपर्यंत पोचत होते आणि तिच्या आत कुठेतरी, लाज वाटावी इतकं, बरंही वाटत होतं. इतके महिने तिला हेच तर ऐकायचं होतं. नाथा भाकरी हातात धरून उभा होता, खात नव्हता. उमर केबिनच्या सावलीत तंबाखू मळत होता, त्याने एकदा इकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मंजुळा कापलेल्या भिंतीपाशी गेली, पण तिला तिथे काय बघायचं ते कळेना. तिने परत वळून विचारलं, "कुठं हुतं ते?"

"काढलं ते," नाथा पटकन म्हणाला. "मशीननं काढलं."

"असं." ती शुभांगीच्या जवळ आली, आवाज खाली आणून, एखाद्या देवाच्या गोष्टीबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, "केवढं हुतं मॅडम?"

नाथाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे बघत होता. शुभांगीने मातीने भरलेले हात वर घेतले आणि दोन्ही हातांची बोटं जुळवून एक गोल केला. त्यातून पलीकडचा उतार दिसत होता, विरळ गवत, आणि खाली पाड्यातल्या एका घराचं छप्पर. मंजुळा त्या गोलाकडे बघत राहिली. तिची नजर अजून काहीतरी मागत होती. शुभांगीने बोटं सोडवली, हात जरा दूर नेले आणि म्हणाली, "नाही. एवढं होतं."